आमची कायची आवड व, ताई?

(अमरावती येथे ८ मार्चच्या निमित्ताने भरलेल्या महिला गटांच्या व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण हुंडा, पोटगी, घरकुलाचे अर्ज आणि रोजगार हमीची थकलेली मजुरी यांवर बोललो. आता जेवणानंतरची वेळ आहे आणि मला विषय दिलाय 'मुली आणि माध्यमं'. या विषयावरचं एक ठरलेलं भाषण आपण दर वर्षी ऐकतो. सिनेमा मुलींना बिघडवतो, गाणी बाईला वस्तू बनवतात, बाजार आपल्या घरात शिरतो. त्यात खोटं काही नाही. मी स्वतः ते भाषण पाच-सहा ठिकाणी केलेलं आहे. आज ते करणार नाही. आज मी एका हिंदी सिनेमाच्या गाण्यांबद्दल बोलणार आहे, आणि तेही चाहती म्हणून.

हसताय ना? हसा. मी लहानपणापासून हिंदी गाण्यांची वेडी आहे. आपलं अमरावती तर सी. पी.-बेरार भागातल्या सिनेमा वितरणाचं जुनं गाव. सिनेमाच्या पेट्या इथल्या वितरकांकडून वऱ्हाडातल्या टॉकीजपर्यंत जायच्या. आमच्या घरी मात्र गाणं म्हणजे चोरीचा मामला. आई स्वयंपाक करताना गुणगुणायची आणि दारात बाबांच्या सायकलचा आवाज आला की गप्प व्हायची. कोणी तिला 'गाऊ नको' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती.

पुढे मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, कार्यकर्ती झाले आणि माझी ही आवड मी लपवायला लागले. चळवळीत आल्यावर असली गाणी आवडणं बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. त्याचा हिशोब कोणी चुकता केला ते सांगते. नुकतीच कामाला लागले होते. किशोरवयीन मुलींचं तीन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्या रात्री एक मुलगी उठली आणि तेव्हा गाजत असलेलं नाचाचं गाणं म्हणू लागली. आवाज खणखणीत. मुली टाळ्यांचा ठेका देत होत्या. मी तिला मधेच थांबवलं, 'असली गाणी आपल्या शिबिरात नकोत' असं म्हटलं आणि चळवळीचं गाणं सुरू केलं. ती खाली बसली. पुढे दोन दिवस बोलली नाही आणि नंतर गटाच्या बैठकीलाच आली नाही. घरी गेले तर तिची आई म्हणाली, "ते म्हनते, घरी बाबा गाऊ देत नाही, तिकडं मॅडम गाऊ देत नाही. मंग तिकडं कायले जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. गंमत अशी की आपली चळवळ गाण्यांवरच वाढली. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आलं आणि गावोगाव पोचलं, त्यात गाण्यांचा वाटा मोठा होता. मोर्चात आपण लोकगीतांच्या चालीवर आणि सिनेमाच्या चालीवरही आपले शब्द बसवले. म्हणजे चाल आपल्याला चालते. मुलीला आवडलेलं गाणं तेवढं चालत नाही.

आता सिनेमाकडे येते. किरण राव यांचा 'लापता लेडीज' १ मार्च २०२४ ला आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. साल २००१. नव्या नवऱ्या रेल्वेने सासरी निघाल्यात. सगळ्यांचे घूंघट सारखेच लाल, हनुवटीपर्यंत ओढलेले. अंधारात दीपक घाईघाईने भलत्याच नवरीला घेऊन उतरतो. त्याची बायको फूल पुढे कुठल्यातरी स्टेशनवर अडकते. आणि चुकून घरी आलेली जया खरं नाव लपवते, कारण तिला नको असलेल्या सासरी जायचं नाही, देहरादूनला जाऊन सेंद्रिय शेती शिकायची आहे.

एप्रिलच्या शेवटी तो नेटफ्लिक्सवर आला. मे महिन्यात, आपलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, वस्तीतल्या आठ-दहा मुली दुपारी माझ्या घरी जमल्या. कूलर बंद केला तर जीव जातो आणि चालू ठेवला तर गाणं ऐकू येत नाही. शेवटी मुलींनीच ठरवलं, गाणं लागलं की कूलर बंद. सिनेमा संपल्यावर त्यांनी गाणी पुन्हा लावायला लावली, आणि त्या दिवशी जी चर्चा झाली तशी माझ्या कुठल्याही जाणीवजागृतीच्या सत्रात झालेली नाही.

सिनेमातली मुख्य गाणी चार. संगीत राम संपत यांचं. त्यांना तुम्ही ओळखता. २०१२ साली दूरदर्शनवर 'सत्यमेव जयते' लागायचं. त्याच्या पहिल्याच भागात मुलींच्या गर्भपाताबद्दल 'ओ री चिरैया' हे गाणं होतं, तेही त्यांचंच, आणि गायलं होतं आपल्या मराठी स्वानंद किरकिरे यांनी. आपल्या किती बैठकांत ते वाजलं!

पहिलं गाणं 'सजनी'. शब्द प्रशांत पांडे यांचे, आवाज अरिजीत सिंग यांचा. हरवलेल्या बायकोची आठवण काढणाऱ्या नवऱ्याचं हे गाणं. मला ते फार आवडतं, कारण त्यात आक्रस्ताळेपणा नाही. वाद्यांची गर्दी नाही, आवाज पुढे, दुःख आवरून धरलेलं. हिंदी सिनेमातला पुरुष विरहात दारू पितो, नाहीतर मुलीला बेवफा ठरवतो. हा फक्त वाट पाहतो. गाणं संपल्यावर आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "ताई, आपल्याले कोनी असं शोधलं असतं का व?" दुसरी म्हणाली, "शोधलं असतं, पन पहिले इज्जतीसाठी." तिसरी नुसतीच बसली होती, ती एकदम बोलली, "पोलिसाले फोटो दाखवला त्याच्यात तर तोंडच दिसत नाही. मंग हा शोधून राहिला कोनाले?"

मैत्रिणींनो, मी समाजकार्याची एवढी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. गाणं इतकं हळवं आणि फोटोत सगळा घूंघट! प्रेम खरं आहे, दीपक मुलगाही चांगला आहे, पण बायकोचा चेहरा दाखवायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे लाल पदराखेरीज काही नाही. आणि फूलकडे? ती नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही आणि सासरच्या गावाचं नावही तिला धड सांगता येत नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आपण नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंडाळून घेतो आणि लग्नात तांदळाच्या ताटात स्वतःचं नाव बदलून येतो.

दुसरं गाणं 'डाउटवा'. शब्द दिव्यनिधी शर्मा यांचे, आवाज सुखविंदर सिंग यांचा. इंग्रजी डाउट, त्याला भोजपुरी ढंगाचं शेपूट. पायाला ठेका धरायला लावणारं, चेष्टेखोर गाणं. जयावरच्या संशयाचं. तिच्याकडे मोबाइल आहे, ती काहीतरी लपवते, एकटी कुठेतरी जाते, म्हणजे ही नक्कीच चोरटी! मुली हसत होत्या. मला मात्र हसताना एक गाव आठवलं.

अकोल्याच्या बाजूचं गाव. बारावीतली मुलगी. संध्याकाळी अंगणात कानात इयरफोन घालून बसली होती. भावाने फोन हिसकला. "कोनासंग बोलून राहिली?" ती म्हणाली, गाणे ऐकून राहिली. कोणी विश्वास ठेवला नाही. फोन गेला, मागोमाग कॉलेजची एस. टी. बंद झाली. आम्ही दोघी कार्यकर्त्या तीनदा त्या घरी गेलो. वडील वाईट माणूस नव्हता. तो एकच विचारायचा, "गानेच ऐकत होती हे कशावरून?" बायांनो, गाणं ऐकल्याचा पुरावा कुठून आणायचा? शेवटी परीक्षेला तेवढं बसू दिलं. ती पास झाली. अठरा पूर्ण झाल्या झाल्या लग्न लावून दिलं. आम्हाला ते थांबवता आलं नाही. आमच्या अहवालात या घटनेची नोंद 'शिक्षणात खंड' अशी झाली. खरी नोंद अशी व्हायला हवी होती की एक मुलगी स्वतःच्या आनंदासाठी पंधरा मिनिटं एकटी बसली होती, आणि घराला ते समजूच शकलं नाही.

तिसरं 'धीमे धीमे'. शब्द स्वानंद किरकिरे यांचे, आवाज श्रेया घोषालचा. मुली लगेच म्हणाल्या, "आपल्या वैशालीसोबत 'पिंगा' गायली ते!" हिंगणघाटच्या वैशाली माडेने २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'त श्रेयासोबत ते गाणं गायलं, याचा विदर्भातल्या मुलींना किती अभिमान आहे, ते त्या दिवशी कळलं. 'धीमे धीमे' मात्र अगदी निराळं. त्यात नाच नाही की शृंगार नाही. एखाद्या मुलीला आतून काहीतरी उमगत जातं, भीती जाऊन थोडी हिंमत येते, त्याची ही चाल आहे. गाणं घाई करत नाही. आपण शिबिरात तीन दिवसांत सक्षमीकरण करायला निघतो ना, त्यांनी हे एकदा ऐकावं.

त्या दुपारी बसलेल्यांपैकी एकीने बारावी विज्ञान केलं होतं. घरी तीन एकर कोरडवाहू, कापूस. तिला बी. एस्सी. अ‍ॅग्री करायचं होतं. जयाला देहरादूनला पळावं लागलं. आपल्याकडे तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे, इथून शंभरेक किलोमीटर. पण पोरीसाठी शंभर किलोमीटर हे देहरादूनइतकंच लांब असतं. घरचे म्हणाले, शेती शिकायला पोरीने होस्टेलवर कायले जायचं? तिच्या आईने जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला, किलोच्या हिशोबाने दुसऱ्याकडेही वेचला, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शेतीचं काम बाईचं आणि शेतीचं ज्ञान पुरुषाचं! नव्वदच्या सुमारास शेतकरी महिला आघाडीने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. ते काम अजून संपलेलं नाही.

ती मुलगी आज कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाण्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. तिला गुण चांगले होते, अकोल्यात मामाचं घर होतं आणि आईने बचत गटातून कर्ज काढलं. पण वडिलांशी बोलायला गेलो त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ती मला म्हणाली, "ताई, ते धीमेवालं लावा ना एकदा." मोबाइलवर लावलं. ऐकलं आणि आत गेलो. एवढाच गाण्याचा वाटा. मला तो कमी वाटत नाही.

चौथं 'बेडा पार'. शब्द पुन्हा दिव्यनिधी शर्मा यांचे, गायलंय सोना महापात्र यांनी. हा आवाज गोड नाही, रुंद आहे. मैदानात उभं राहून हाक मारावी तसा. २०१८ साली #मीटूच्या वेळी गप्प न बसलेली ही गायिका. तिच्यावर 'शट अप सोना' नावाचा माहितीपटही आहे. हिंदी गाण्यात नायिकेसाठी बारीक, लाडिक आवाजच लागतो हा समज असल्या आवाजांनी मोडला.

आता चाहतीने थोडं कडूही बोलायला हवं. बायांच्या सिनेमाची ही चार गाणी. दोन बायांनी गायली, दोन पुरुषांनी. पण लिहिणारे सगळे पुरुष आणि चाल बांधणाराही पुरुष. त्यांनी काम उत्तम केलं, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार ही की बाईने गावं हे सगळ्यांना चालतं, बाईने गाणं रचावं हे अजून नवलाचं आहे. खरं म्हणजे सरस्वती देवींनी १९३६ मध्ये 'अछूत कन्या'ला संगीत दिलं. उषा खन्ना १९५९ च्या 'दिल देके देखो'पासून चाली देत आल्या. तरी फिल्मफेअरचा संगीतकाराचा पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाला आणि तो पहिल्यांदा एका बाईला मिळायला २०२२ उजाडलं. जसलीन रॉयलला 'शेरशाह'साठी, तोही इतरांबरोबर वाटून. २०२५ मध्ये 'लापता लेडीज'ला संगीताचा पुरस्कार मिळाला. गीतकाराचा आणि पुरुष गायकाचा मिळाला 'सजनी'ला. त्याच वर्षी गायिकेचा पुरस्कार कोणत्या गाण्याला मिळाला? 'स्त्री २' मधल्या 'आज की रात'ला. मधुबंती बागची छानच गायली आहे. पण बघा, पुरुषाला शाबासकी विरहाबद्दल आणि बाईला नाचाच्या गाण्याबद्दल.

आणि नावाचं म्हणाल तर १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचं नाव म्हणून आधी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. घूंघट काही फक्त कापडाचाच असतो असं नाही.

या सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. दीपकच्या आईला एक भाजी आवडायची, पण घरात दुसऱ्या कोणाला आवडत नाही म्हणून ती करायचीच सोडून दिलेली आहे. स्वतःला काय आवडतं तेच ती विसरून गेली आहे. ते पाहिल्यावर मी गाण्यांकडे परत आले आणि एक प्रयोग केला. अकोला जिल्ह्यातल्या एका गावी बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशोब झाल्यावर मी विचारलं, तुमचं आवडतं गाणं कोणतं? वीस-बावीस बाया, सगळ्या चूप. मग एक म्हणाली, "आमची कायची आवड व, ताई?" एकीने मुलाला आवडणारं गाणं सांगितलं. एकीने नवऱ्याला आवडणारं. एकीने सासू पाहते त्या मालिकेचं नाव घेतलं. स्वतःचं कोणाचंच नाही.

मग एका म्हाताऱ्या बाईने भुलाबाईचं गाणं धरलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडातल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, सासर-माहेरची गाणी म्हणायच्या, डब्यातली खिरापत ओळखायच्या. बघता बघता सगळ्या गाऊ लागल्या. शेवटी चाळिशीची एक बाई हळूच म्हणाली, "मले एक शिनेमाचं आवडे. बँडवर ऐकलं होतं. त्याच वर्षी मायं लगन झालं." तेव्हा ती चौदा वर्षांची होती. लग्नानंतर ते गाणं तिने कोणासमोर म्हटलं नव्हतं. आमच्यासमोर म्हटलं. अर्धंच आठवत होतं.

मैत्रिणींनो, बायांकडे गाणी नव्हती असं कधीच नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या कोणी कोणाला विचारून रचल्या नव्हत्या. जातं गेलं, भुलाबाई विरळ झाली, आणि त्या जागी आता पोरींच्या हातात सिनेमाचं गाणं आहे. ते आपण लिहिलेलं नाही, बाजारातून आलेलं आहे, त्यात विषही असतं. म्हणून ते पोरीच्या हातातून काढून घ्यायचं, की तिच्या शेजारी बसून ऐकायचं? मी आधी काढून घ्यायचे. आता शेजारी बसते. ऐकल्यावर विचारते, यात बोलतंय कोण? कोणाला ऐकू जातंय? यातली बाई तू असतीस तर काय म्हणाली असतीस? नाचाच्या गाण्यावरही विचारते, आणि मुली स्वतःच सांगतात की ठेका आवडतो पण शब्द टोचतात. हे त्यांना माझ्याहून लवकर कळतं.

आवड सांगितल्याने हुंडा थांबत नाही, हे मलाही कळतं. पण जिला स्वतःला काय आवडतं हेच ठाऊक नाही, ती 'मला हे लग्न नको' किंवा 'मला शिकायचंय' हे कुठून म्हणणार? नको म्हणायच्या आधी हवं काय ते कळावं लागतं. त्याची सुरुवात भाजीपासून होऊ शकते, गाण्यापासूनही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, येत्या महिन्यात आपापल्या गटात प्रत्येकीला तिचं आवडतं गाणं विचारा आणि तिचंच सांगेपर्यंत थांबा. घाई करू नका. दोन, मुलीचा फोन काढून घेतल्याची तक्रार आली तर ती किरकोळ समजू नका. शिक्षण तुटायची ती पहिली खूण असते, त्याच आठवड्यात घरी जा. तीन, पुढच्या शिबिरात एक रात्र मुलींच्या पसंतीच्या गाण्यांची ठेवा आणि कोणालाही मधे थांबवू नका. मी थांबवलं होतं, त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. गाव सोडून गेले ते लोक. ती कुठे असेल तिथे गात असावी, एवढंच वाटतं.

हा सिनेमा पाहिल्यावर मी आईलाही फोन करून तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आता काय आठवते, बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचा फोन आला. "आठवलं." गाण्याचं नाव मी इथे सांगत नाही, ते तिचं आहे. तुम्ही आपापल्या आयांना विचारा.

आता चहा यायला दहा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्या मुली मघापासून काहीतरी गुणगुणताहेत. पुढे या ग, आणि मोठ्याने म्हणा.